परीक्षेचं बाळंतपण

चामड्याची बाहुली रडत नाही आणि तिच्या आईला सासू नसते. म्हणून बाहुलीवरच्या परीक्षेत मी पहिली आले.

लढाईचे दिवस होते. गोंदियाच्या बायकांच्या दवाखान्यात खेड्यांसाठी दाया तयार करायचा वर्ग निघाला होता. त्यात आम्ही सात-आठ जणी, आणि शिकवायला एक डॉक्टरीणबाई. त्यांच्याकडे कंबरेच्या हाडांचा एक लाकडी सांगाडा होता आणि त्यातून काढायची ती बाहुली. बाहुलीचा एक पाय शिवणीतून उसवलेला, तो आम्ही आळीपाळीनं शिवायचो. डोकं आधी ठेवा, पाय आधी ठेवा, आडवं ठेवा, मी ते लेकरू सफाईनं बाहेर काढायची. डॉक्टरीणबाई एकदा म्हणाल्या, "हात चांगला आहे तुझा." झालं. तेवढ्यावर मी जमिनीवर राहिले नाही. शिंप्याकडून खिशाचं पांढरं पोलकं शिवून घेतलं. खिशात काय ठेवायचं ते माहीत नव्हतं, म्हणून रुमाल कोंबला. शेजारीण विचारायची, "काय वं, कुठं चालली?" मी मान ताठ करून सांगायची, "ड्यूटीवर." ड्यूटी म्हणजे बाहुलीचा पाय शिवणं.

आमचं मूळ घर देवरीकडचं, धानाची शेती. सासऱ्यांनी मला शिकायला पाठवलं ते सरळ शब्दांत बजावून: "एक डाव देतो. पास झाली त झाली. नापास झाली त परत रोवण्याले. दुसऱ्यांदा विचारू नोको." मला रोवण्याला, म्हणजे भातलावणीला, परत जायचं नव्हतं. वाकून वाकून कंबर धरायची, आणि पायाला जळवा. पास झाले तर अर्जुनीच्या बाजूला दाईची एक जागा रिकामी होती. त्या जागेवर मी मनातल्या मनात कधीच रुजू झाले होते, गावातल्या बायकांना रागे भरायलाही लागले होते.

पण बाहुली ही अर्धीच परीक्षा. उरलेली अर्धी खऱ्या घरात, खऱ्या बाळंतिणीजवळ. त्यासाठी नागपूरहून एक परीक्षक यायच्या. मराठीच होत्या, पण पायात बूट घालायच्या, म्हणून सगळ्या त्यांना मडम म्हणायच्या. त्यांनी मला समोर उभं केलं आणि परीक्षेचा नियम सांगितला.

"घरात मी आहे हे विसरून जायचं. मी काही विचारणार नाही, काही सांगणार नाही. आईच्या किंवा मुलाच्या जिवाला धोका दिसला, तरच तोंड उघडीन. आणि मी तोंड उघडलं की तुझी परीक्षा संपली."

"मग मार्क?" मी विचारलं.

"कशाचे?" त्या म्हणाल्या.

माझ्या वाट्याला आलेलं घर एका तलावाच्या पाळीखाली होतं. तो तलाव त्या घरच्या पूर्वजांनीच बांधलेला. पाळीवर उभं राहिलं की लांबवर प्रतापगडाचा डोंगर दिसायचा. घरात म्हातारा, म्हातारी, मुलगा आणि सून. मुलगा कापणीसाठी शेतावर. सुनेचं हे दुसरं बाळंतपण. पहिलं लेकरू चांगलं जन्मलं, रडलं, दूध प्यालं, आणि सहाव्या दिवशी त्यानं दूध ओढणं सोडलं. तोंड मिटलं ते उघडेना. मग अंग धनुष्यासारखं ताठ झालं आणि संपलं. बुढी म्हणायची, बाहेरचं लागलं. डॉक्टरीणबाईंनी आम्हाला वर्गात सांगितलं होतं की हे बाहेरचं नाही, नाळेचं. गवत कापायच्या विळ्यानं नाळ कापली, गोठ्यातल्या दोऱ्यानं बांधली, की जहर आत जातं.

म्हणून आमची पोटली. कात्री, दोरा, कापूस स्वच्छ फडक्यात बांधून दवाखान्यात वाफेवर तापवलेला. डॉक्टरीणबाईंचं एक वाक्य आम्ही झोपेतही म्हणत असू: हात घासून धुतल्याशिवाय पोटलीची गाठ सोडायची नाही.

परीक्षेसाठी आम्ही जवळच्याच गावी मुक्कामाला होतो, तिथं सकाळी निरोप आला की कळा सुरू झाल्या. मडम आणि मी रेंगीतून, म्हणजे आमच्याकडच्या हलक्या बैलगाडीतून, त्या घरी पोचलो. म्हातारा अंगणात दोर वळत बसला होता. बुढीनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"हे पोट्टी करन बाळंतपण? तुले लेकरं किती?"

"अजून नाही."

"अन् हे बूटवाली? हिले?"

मडम गप्प. नियम नियम असतो. मीच म्हणाले, "त्यांनाही नाही."

"माय वं! म्हंजे घरात शिकलेली मी एकटीच."

इथं मी काय केलं असेल? पोलक्याच्या खिशावर हात ठेवला, गळा साफ केला आणि वर्गात शिकलेल्या भाषेत म्हणाले, "आपण कृपया पाणी उकळण्यास ठेवावे." बुढी मागं वळून पाहायला लागली.

"हे कोणाशी बोलून राहिली?"

मागच्या खोलीत सून खाली पोतं आणि त्यावर जुनं लुगडं अंथरून पडली होती. थंडीचे दिवस, म्हणून कोपऱ्यात निखाऱ्यांची शेगडी. मडम धानाच्या कोठीला पाठ टेकून पाटावर बसल्या. ना कागद, ना पेन्सिल. नुसते डोळे. त्यांनी काही लिहून घेतलं असतं तर निदान कळलं असतं की बरं चाललंय की वाईट.

मी पोट तपासलं. डोकं खाली होतं. ठोके ऐकले. सगळं बाहुलीसारखंच, फक्त बाहुली "माय वं, मेली वं" म्हणत नाही. दिवस वर आला. कळा येत होत्या आणि विरत होत्या. आता खरं सांगते, त्या बिचारीच्या चेहऱ्यापेक्षा मी मडमच्या तोंडाकडे जास्त पाहत होते. त्यांनी ओठ ओले केले की मी ठोके मोजायची विसरायची. एकदा त्यांचं तोंड हळूहळू उघडायला लागलं. माझे हात जागीच थांबले. संपलं, म्हटलं, चालले रोवण्याला. मडमनी मोठी जांभई दिली आणि तोंड मिटलं.

"पोट्टे," सून कळ सोसत म्हणाली, "तू तिकडं कायले पाहून राहिली? लेकरू इकडून येते."

कळा पुन्हा मंदावल्या. आता बुढीचा धीर सुटला. आमच्या भागात बाईची सुटका अडली की घरातल्या सगळ्या गाठी सोडतात. गाठ राहिली की लेकरू अडतं. माझ्या आईच्या वेळी मीही लहानपणी हे केलेलं, चड्डीची नाडीसुद्धा सोडून उभी होते. बुढीनं सुनेचे केस मोकळे केले. पेटीचं कुलूप काढलं. डब्यांची झाकणं उघडली. कोठीचं बूच काढलं, तशी मडम थोड्या सरकल्या, कारण धान त्यांच्या बुटात जायला लागलं. मग बुढी गोठ्यात गेली आणि गाईंची दावी सोडून आली. वासरू मोकळं सुटलं, ते गाईला लुचायला लागलं. अंगणातून म्हातारा ओरडला, "अवं, सांजचं दूध गेलं!" तिनं उत्तर दिलं, "दूध जाऊ दे, सून राहू दे!"

मी शहाण्यासारखी हसले. म्हटलं, करू द्या, त्यानं कोणाचं काय बिघडतं? आणि वळून हात धुवायला बसले. लाल साबण, ब्रश, नखं, मनगट, कोपरापर्यंत, शिकवल्याबरहुकूम. मडमला दिसावं म्हणून नखं जरा जास्तच घासली. माझी पाठ पोटलीकडे होती.

गाठी सुटल्यामुळे असो की वेळ झाली म्हणून असो, कळा एकदम जोरात आल्या. बुढी ओरडली, "सुटलं! पाहा, मी म्हणत होतो ना!" मी वळले. डोक्याचे केस दिसायला लागले होते. पोटलीकडे पाहिलं.

पोटलीची गाठ सोडलेली होती. फडकं सपाट पसरलेलं. कापूस पिंजून मोकळा केलेला. कात्री मिटलेली होती, तीसुद्धा उघडून ठेवलेली, कारण मिटलेलं काही राहायला नको. आणि दोऱ्याची गुंडी उकलून, त्यातले पीळ थुंकी लावलेल्या बोटांनी सरळ करून, तो चटईवर लांब ठेवलेला. गाई सोडून आलेल्या त्याच हातांनी. तिच्या हाताला शेण लागलेलं मला अजून दिसतं.

मी मडमकडे पाहिलं. त्या पोटलीकडेच पाहत होत्या. ओठ घट्ट. त्यांना आधीपासून माहीत होतं! बुढी ते सगळं उघडत होती तेव्हा त्या समोरच बसल्या होत्या. लेकरू अजून आलेलं नव्हतं, धोका अजून झालेला नव्हता, म्हणून तोंड मिटून बसल्या. त्या मिनिटाला मला मडमचा इतका राग आला की आजही थोडा शिल्लक आहे.

दुसरी पोटली नव्हती. विचार करायला वेळही नव्हता, डोकं बाहेर येत होतं. मान मोकळी केली, खांदा फिरवला, आणि लेकरू माझ्या हातांत आलं. पोरगी. निळसर, ओली, गप्प. मी तोंडातला चिकटा पुसला, पाठ चोळली. काही नाही. पुन्हा चोळली. मग ती अशी रडली की गोठ्यातलं वासरू थांबलं.

"काप आता, काप!" बुढी म्हणाली.

आणि माझा हात गेला. बाहुलीवर इतक्यांदा केलेलं काम, हात आपोआप कात्रीकडे गेला. बाहुलीची नाळ कंदिलाच्या वातीची होती, ती कशानंही कापा. बोटं कात्रीला लागणार, तेवढ्यात सुनेचा आवाज आला, अगदी बारीक: "हे त राहीन ना वं?"

मी हात मागं घेतला.

पोरीला कोरड्या फडक्यात गुंडाळून आईच्या पोटावर ठेवलं, वरून माझी शाल टाकली. नाळ तशीच, न कापलेली. लेकरू उबेत असलं की नाळ कापायला थांबता येतं. हे वर्गात कुणी असं सांगितलं नव्हतं. वर्गात क्रम ठरलेला होता: धडधड थांबली की बांधा, कापा, पुढं चला. मी क्रम मोडत होते आणि पाटावरून माझ्याकडे ते दोन डोळे पाहत होते.

"आजी," मी म्हणाले, आणि आपण-कृपया कुठल्या कुठं गेलं, "कात्री अन् दोरा चुलीवरच्या गंजात टाक. वरून पाणी वत. चूल पेटव अन् खळखळ उकळू दे."

"उकळलेलंच आणलं म्हणत होती ना?"

"होतं. तू हात लावला."

बुढीनं आपले हात पाहिले, मग माझ्याकडे पाहिलं.

"काऊन? माह्या हाताले जहर आहे?"

उत्तर माझ्या तोंडात होतं. विळ्याचं, गोठ्यातल्या दोऱ्याचं, त्या पहिल्या लेकराचं. बाळंतीण ऐकत पडलेली. ते बोलले असते तर त्या घरात सासू-सुनेचं पुढं काय झालं असतं, देव जाणे. आणि बुढी चिडून दाराबाहेर गेली असती तर चूल कोण पेटवणार होतं? माझे हात अडकलेले.

मग मी थाप मारली. आयुष्यात अनेक मारल्या, पण ती सगळ्यांत चांगली.

"जहर कायचं? तुह्या हातानं गाठ सुटली म्हणून त लेकरू आलं. पण आता नाळेले गाठ मारायची आहे. सुटलेल्या दोऱ्यानं गाठ मारायची असन त आधी त्याले उकळा लागते. नाही त गाठ बसत नाही."

"असं कुठं असते?"

"आमच्या देवरीकडे असते."

बुढीनं विचार केला. देवरीकडचं जंगल दाट, तिकडं काय काय असतं कोण जाणे. "असन बा," ती म्हणाली. "अन् माह्या सासूच्या वेळी वार पडल्याशिवाय नाळ कापतच नव्हते. तुम्हालेच घाई." कोठीजवळून मडम खोकल्या. तो खोकला होता की आणखी काही, ते मला आजपर्यंत ठरवता आलेलं नाही.

पण चूल पेटेना. लाकडं ओली, रॉकेल लढाईमुळे मिळत नव्हतं, आणि बुढीला दम. एक फुंकर मारायची, दोनदा खोकायची. धूर खोलीत आला. पोरीचे पाय गार पडायला लागले. मी ते हातात धरून चोळत होते आणि दारातून दिसणाऱ्या त्या काळ्या चुलीकडे पाहत होते. वार सुटत आली होती, एक हात तिकडे ठेवायलाच हवा होता.

तेव्हा मडम उठल्या. बूट काढले, चुलीपुढं उकिडव्या बसल्या, बुढीच्या हातातली फुंकणी घेतली आणि फुंकायला लागल्या. चष्म्यावर राख, डोळ्यांत पाणी. नागपूरच्या मडमला असं फुंकता येत असेल असं कुणाला वाटलं असतं? जाळ उठला. एक शब्द न बोलता फुंकणी ठेवली आणि पाटावर जाऊन बसल्या.

आता ही मदत म्हणजे परीक्षा संपली की चालू, हे मला कळेना. विचारायची सोयही नव्हती. पाणी उकळलं, खूप वेळ उकळू दिलं. वार पडली, नीट, सगळी. मी हात पुन्हा धुतले, या वेळी कुणाला दाखवायला नाही. दोन ठिकाणी गाठ मारली, मधून कापलं. रक्त आलं नाही.

अंगणात मडम तोंड धुऊन बूट चढवत होत्या. मी पोलक्याला हात पुसत समोर गेले. खिसा एव्हाना लोंबत होता.

"मडम, निकाल?"

त्यांनी पहिल्यांदा तोंड उघडलं. "मी चूल पेटवली. दोरा तू उकळलास. पण तो पुरेसा उकळला की नाही, ते मला आज कसं कळणार? पोरगी आठवडाभर दूध ओढते का पाहू. तुमच्या डॉक्टरीणबाई येऊन बघतील." आणि रेंगीत बसून आगगाडी गाठायला निघून गेल्या.

म्हणजे परीक्षा अजून चालूच होती, आणि परीक्षक आता ती पोरगी.

मी त्याच घरी राहिले, सपरीत, म्हणजे पुढच्या ओसरीत, झोपायची. सकाळी उठलं की आधी पोरगी पाजायला लावायची आणि तिच्या तोंडाकडे बघायचं. ओठ हलतात का, गाल आत जातात का, घोट ऐकू येतो का. ती ओढायला लागली की मला भूक लागायची. बुढी रोज बेंबीजवळ वाकून पाहायची, पण हात मागं बांधून. मी सांगितलं नव्हतं.

मग तो दिवस आला ज्या सुमाराला पहिलं लेकरू गेलं होतं. दुपारी सुनेनं पोरीला पदराखाली घेतलं, आणि पोरीनं तोंड फिरवलं. पुन्हा लावलं. तिनं ओठ मिटून घेतले. मी गालाला बोट लावलं, हनुवटी चोळली. तोंड मिटलेलंच. सून माझ्याकडे बघत होती. मी पोरीच्या जबड्यावर बोटं ठेवली, पण ताठरपणा तिचा की माझ्याच बोटांचा, कळेना. मनात नोकरी नव्हती, रोवणा नव्हता, सासरे नव्हते. होता तो चटईवरचा दोरा.

बुढी भिंतीकडे तोंड करून बसली होती. ती वळली नाही. खालच्या आवाजात म्हणाली, "माह्याच हातानं झालं काय वं? तेव्हाही?"

म्हणजे तिला देवरीची गोष्ट पहिल्याच दिवशी पटलेली नव्हती. चूल तिनं पेटवायला घेतली होती ती दुसऱ्याच भीतीनं. मी पोरीला घेऊन तिच्याजवळ जाऊन बसले.

दारात म्हातारा येऊन उभा राहिला. हातात वाटी.

"काय झालं? काऊन सगळ्या अशा बसल्या?"

"पोरगी दूध ओढत नाही," सून म्हणाली.

"कशी ओढन? आताच त पाजलं मी. शेळीचं. कापसाच्या बोळ्यानं. तू निजली होती, ते रडून राहिली होती. वाटीभर प्याली."

तेवढ्यात पोरीनं माझ्या मांडीवर शेळीच्या दुधाची गुळणी केली, पांढऱ्या पोलक्यावर, आणि ढेकर दिली.

बुढी उठली. त्यानंतर तिनं म्हाताऱ्याला जे ऐकवलं, त्यातलं छापण्यासारखं एक अक्षरही नाही. तो पाळीपर्यंत पळाला आणि ती दारातूनच बोलत राहिली, तलावापलीकडच्या लोकांनाही सगळं समजलं. सून हसत होती आणि रडत होती. मी पोरीला खांद्यावर घेऊन खोलीत फेऱ्या मारत होते. संध्याकाळी तिला भूक लागली तेव्हा तिनं असं ओढलं की सून "हळू वं" म्हणाली.

आठवडा उलटल्यावर डॉक्टरीणबाई आल्या. बेंबी पाहिली, कोरडी, स्वच्छ. पोरीचे हातपाय वाकवून पाहिले. मग हात धुतले, करंगळी पोरीच्या तोंडात घातली आणि थांबल्या. पोरीनं करंगळी धरली आणि लुचू लागली, अंग ताणून, मुठी आवळून. डॉक्टरीणबाईंनी बोट काढून घेतलं तशी ती चिडून ओरडली.

"पास," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

मी त्यांना विचारायला तोंड उघडत होते की मला म्हणता की हिला, पण बुढीनं मला कोपरानं ढकललं.

"पास त झाली. आता तिच्या मायजवळ दे तिले. भूक लागली आहे, दिसत नाही?"

मी पोरगी उचलली आणि सुनेच्या पदराखाली दिली.